मागच्या दारची काचेची खोली

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी होती. माझे यजमान तिथल्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला होते. मी त्यांना आयुष्यभर 'हे' म्हणत आले, इथेही तसंच म्हणते. लग्नानंतर काही वर्षं आम्ही क्वार्टरमध्ये काढली आणि नव्वदच्या सुमारास ह्यांनी प्लॉट घेऊन स्वतःचं घर बांधलं. समोरून ते छान दिसायचं. लोखंडी फाटक, दोन पायऱ्या, जास्वंदीची झाडं. मागची बाजू मात्र कुणाला दाखवू नये अशी.

मागे बारा बाय नऊची जागा होती. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात कपडे धुवायचा दगड आणि वर सिमेंटचे पत्रे. त्या पत्र्यांमुळे स्वयंपाकघरात भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागे. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. जुलै लागला की भिंतींना ओल धरायची, ती नवरात्रापर्यंत. कपाटातले चामड्याचे पट्टे, मुलाची पुस्तकं, पाटा-वरवंट्याशेजारची लाकडी मांडणी, सगळ्यावर पांढरी बुरशी. कपडे तीन तीन दिवस वाळत नसत. पाऊस नसेल त्या दिवशी उघड्यावर घालावेत तर वीज केंद्राच्या धुराड्यांची राख. वारा आमच्या बाजूचा असला की वाळलेल्या पांढऱ्या चादरीवरून हात फिरवला तरी बोटं करडी व्हायची.

मी मूळची हरसूलची. वडील तिथे शाळामास्तर होते. तिकडचा पाऊस चार महिने घरात कोंडून घालतो. दारं लावलेली, आत चुलीचा धूर, आणि वाचायचं म्हटलं तर कंदिलाजवळ सरकायचं. मला लहानपणी वाटायचं, पाऊस दिसावा पण अंगावर येऊ नये आणि उजेडात मांडी घालून वाचत बसता यावं, अशी एक जागा आपल्याला असावी. मोठी झाले, संसार झाला, तरी ही इच्छा काही गेली नाही. ह्यांना मी ती कितीदा बोलून दाखवली असेल. "मागचे पत्रे काढून तिथे काचा लावून घेऊ या का?" हे म्हणायचे, "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला दोन-चार वर्षांतच कळलं होतं. तरी मी दर पावसाळ्यात विचारायची.

दोन हजार साली दिवाळी झाल्यावर मी वडिलांच्या वर्षश्राद्धाला हरसूलला गेले आणि आईसोबत आठ दिवस राहिले. मुलगा तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, म्हणजे घरी हे एकटेच. मी परत आले त्या संध्याकाळी चहा घेता घेता हे आपणहून म्हणाले, "मागचे पत्रे काढून टाकू. तुला पाहिजे तशी काचेची खोली करून घे."

मी कप खाली ठेवला. "आज कशी काय आठवण झाली?"

"मागचं फार अंधारं वाटतं," हे म्हणाले, "आणि ओलही येते. करून टाकू एकदाचं."

त्या दिवशी मला काय वाटलं ते आता लिहायला जड जातं. मला वाटलं, आठ दिवस एकट्याने त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात चहा करून प्यायल्यावर ह्यांना माझं म्हणणं पटलं. बावीस वर्षांच्या संसारात माझी एक गोष्ट न भांडता ऐकली गेली होती.

नाशिकरोडला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या करणारे एक मिस्तरी होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. ते जागा बघायला आले, मापं घेतली आणि मला म्हणाले, "ताई, आधीच सांगून ठेवतो. ही खोली बारा महिन्यांची नाही व्हायची. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर इथे भट्टी पेटेल. पावसाळा, हिवाळा आणि होळीपर्यंतचे दिवस, एवढेच तुमचे."

"एवढे पुष्कळ झाले," मी म्हटलं. "मे महिन्यात पापड-कुरडया वाळवीन."

ते हसले. मग त्यांनी मला ओलीचं गणित समजावलं. आपल्याकडे लोकांना वाटतं, काचा लावल्या की ओल गेली. उलट असतं. बाहेरचं पाणी थांबतं, पण आतला वाफारा कोंडतो आणि काचेवरून पाणी होऊन खाली उतरतं. म्हणून जोतं फूटभर उचलायचं, छपराला भरपूर उतार द्यायचा, पन्हळ भिंतीपासून लांब सोडायची आणि वरच्या बाजूला हवा निघायला वाट ठेवायची. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. दीड महिना काम चाललं. मी रोज गवंड्यांच्या मागे उभी असायची. दक्षिणेकडच्या भिंतीत कमरेपासून वर काच, पूर्वेकडे तशीच, छताचा निम्मा भाग दुधी फायबरच्या पत्र्याचा. बसायला भिंतीला लागून सिमेंटचा लांब कट्टा मीच सांगितला.

ह्यांनीही कामात लक्ष घातलं, आणि याचंच मला सगळ्यात जास्त नवल वाटलं होतं. घरातले पडदे कुठल्या रंगाचे आहेत हे ज्यांना सांगता आलं नसतं, ते रोज ड्यूटीवरून आले की आधी मागे जाऊन बघत. मी शहाबादी फरशीच राहू द्या म्हणत होते, ह्यांनी चकचकीत टाइल्स आणल्या. "दिसायला बरं दिसतं," म्हणाले. मग म्हणाले, एवढं करतोच आहोत तर सगळ्या घराला रंग देऊन घेऊ. मी शेजारणींना कौतुकाने सांगत होते, आमच्या ह्यांना आताशा घराची हौस वाटायला लागली आहे.

पहिल्या पावसाळ्यात मिस्तरींचं म्हणणं खरं ठरलं. मी हौसेने सगळ्या खिडक्या लावून आत कपडे वाळत घातले, तर सकाळी काचांवरून पाण्याचे ओघळ आणि कट्ट्यावर थारोळं. मिस्तरींनी येऊन वरची हवेची वाट मोठी केली आणि तिथे काचेच्या पट्ट्यांची झडप बसवून दिली. ती उघडी ठेवायची, खालची एक खिडकी चार बोटं सरकवून ठेवायची आणि पंखा लावायचा. त्यानंतर दीड दिवसात चादरी वाळू लागल्या. आतल्या भिंतीची ओल पहिल्या वर्षी कमी झाली आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ गेलीच.

ती दोन वर्षं माझी फार चांगली गेली. उगाच खोटं सांगण्यात अर्थ नाही. दुपारी बाराला स्वयंपाकघर आवरलं की मी वाचनालयाचं पुस्तक घेऊन कट्ट्यावर बसायची. श्रावणात दोन बाजूंनी आणि डोक्यावर पाऊस, आणि मध्ये मी कोरडी. थंडीत सकाळी आठला ऊन थेट पायांवर यायचं. मार्गशीर्षात आईला हरसूलहून आणलं. तिचे गुडघे धरलेले. ती दिवसभर तिथून हलायचीच नाही.

"लय ऊब हाय गं इथं," ती म्हणाली. "जावयांनी मनावर घेतलं म्हणायचं."

"घेतलं खरं," मी म्हटलं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत एक जोडपं घरी आलं. सिंहस्थाची कामं चालू होती, सगळे रस्ते खोदून ठेवलेले, त्यामुळे बिचारे धुळीने माखून आले होते. ह्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "ओळखीतले आहेत. त्यांना अशी खोली करून घ्यायची आहे. तू त्यांना नीट समजावून सांग. तुला सगळं माहिती आहे."

मला अभिमानच वाटला. मी कांदेपोहे केले. तिशीतली बाई, नवरा तिच्याहून थोडा मोठा. मी त्यांना वही काढून दाखवली. जोतं का उचललं, उतार किती, झडप कशासाठी, सगळं सांगितलं. ती बाई कट्ट्यावर बसून बघत राहिली. "किती उजेड आहे हो, काकू," ती म्हणाली. मग तिला स्वयंपाकघर बघायचं होतं, ते दाखवलं. माळा दाखवला. पाण्याची टाकी कधी भरते तेही तिने विचारलं. मला वाटलं, नव्या संसारी बाईला चौकशा असतातच. मी सांगत गेले. पाणी सकाळी येतं, शेजार चांगला आहे, शाळा जवळ आहे, भाजीवाली दारात येते.

पंधरा दिवसांनी ती दोघं त्याच्या आईला घेऊन आली. म्हातारीने सगळ्या घरातून फिरून भिंतींना हात लावून पाहिलं. मागच्या खोलीत आल्यावर तिने माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. मी तिला उन्हात बसवलं आणि आलं घालून चहा दिला. हे आणि म्हातारीचा मुलगा बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलत होते. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी ती बाई एकटीच आली. हे पहिल्या पाळीला गेले होते. तिच्या हातात टेप होता. "काकू, दोन मिनिटं मापं घेऊ का? शिंप्याकडे चाललेच आहे."

"कसली मापं?"

"इथल्या पडद्यांची. तुम्ही तुमचे पडदे नेणार ना?"

मला नीट कळलंच नाही. मी म्हटलं, "कुठे नेणार?"

ती थांबली. टेप तिने अर्धा ओढला होता, तो तसाच हातात राहिला. "पुण्याला," ती म्हणाली. "काका म्हणाले, जूनपर्यंत तुम्ही पुण्याला जाणार म्हणून. आमचा घराचा कागद झालाय ना, काकू. तुम्हाला…"

मी कट्ट्यावर बसले. तिला वाटलं मला चक्कर आली. तिनेच आत जाऊन पाणी आणलं, माझ्याच माठातलं. मग माझ्याजवळ बसून ती घाबऱ्याघाबऱ्या बोलत राहिली, आणि त्या बोलण्यात जे मला कधीच कळलं नसतं तेही सांगून गेली.

"आम्हाला वाटलं तुम्हाला सगळं माहिती आहे. आम्ही हे घर आधी पण पाहिलं होतं ना. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. तुम्ही माहेरी गेला होतात. घर आवडलं होतं, पण मागे फार अंधार आणि ओल, म्हणून सासूबाई नको म्हणाल्या. मग आमच्या यांची बदली झाली औरंगाबादला. आता परत आलो तर काकांनी सांगितलं, मागचं सगळं करून घेतलंय, एकदा बघून तर जा."

मी तिला पडद्यांची मापं घेऊ दिली. टेपचं दुसरं टोक मीच धरलं. तिचा काही दोष नव्हता.

ती गेल्यावर मी पुण्याला मुलाच्या हॉस्टेलवर फोन लावला. तो खाली येईपर्यंत दोन वेळा लावावा लागला. मी विचारलं, "बाबा घर विकताहेत, तुला माहिती आहे?"

तो म्हणाला, "आई, बाबा म्हणाले होते तेच तुला सांगतील."

"कधी म्हणाले होते?"

"इथला फ्लॅट बुक केला तेव्हा, दोन वर्षांपूर्वी. मला वाटलं त्यांनी सांगितलं असेल."

"तुला खरंच वाटलं?"

मी फोन ठेवला. एकवीस वर्षांचा मुलगा, त्याला मी लहान समजत होते. दर रविवारी मी त्याच्याशी फोनवर बोलत होते. दोन वर्षांचे किती रविवार झाले असतील. एकाही रविवारी त्याच्या तोंडून ते निघालं नाही.

हे चार वाजता आले. नेहमीसारखे हातपाय धुऊन मागे आले आणि माझ्याकडे बघताच थबकले. मी म्हटलं, "ती पडद्यांची मापं घेऊन गेली."

हे समोरच्या स्टुलावर बसले. खोटं बोलण्याचा प्रयत्न ह्यांनी केला नाही, एवढं मान्य करायला हवं. म्हणाले, "मी सांगणारच होतो."

"कधी?"

"मुलाचं शेवटचं वर्ष झालं की. त्याला तिकडेच नोकरी लागणार. मी ऐच्छिक निवृत्ती घेणार आहे. इथे राहून काय करायचं? ही राख खायची?"

"हे मला सांगता आलं असतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं," हे म्हणाले. अगदी सरळ, जणू दोन आणि दोन चार.

मी मग खोलीचं विचारलं. ती लोकं नको म्हणून गेली, म्हणून तुम्ही ही खोली बांधायला सांगितलीत का. ह्यांनी एकदा टाइल्सकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन्ही झालं की. एजंट म्हणाला होता, मागची बाजू सुधारा. आणि तुलाही हवी होती. तुला निदान दोन वर्षं तरी मिळाली ना?"

ह्यांना वाटलं होतं की हे ऐकून माझं समाधान होईल. मला ह्यांचा राग त्या क्षणी आला नाही. राग आला तो स्वतःचा. पोहे मी केले होते. म्हातारीला उन्हात मी बसवलं होतं. पाणी सकाळी येतं, शेजार चांगला आहे, हे मी सांगितलं होतं. माझं घर मीच पाठ करून, हसून, समजावून विकलं होतं. ज्यांनी विकायला काढलं त्यांना घराच्या कौतुकाचा एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर होतं, त्यामुळे माझ्या सहीची गरज पडली नाही. पुढचे तीन महिने मी घरातलं सगळं काम केलं, ह्यांच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. मागच्या खोलीत मी वाचायला बसले नाही. कपडे वाळत घालायला जायची आणि यायची. शेजारणी निरोपाला यायला लागल्या, तेव्हा त्यांना मी म्हणत होते, "आमचं ठरलंच होतं." आईलाही तेच सांगितलं. आई म्हणाली, "मंग एवढी खोली कशापायी केली गं?" मी म्हटलं, "तेव्हा ठरलं नव्हतं." म्हणजे ह्यांच्या वतीने खोटं बोलायची वेळही माझ्यावरच आली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान टेम्पोत चढलं. ती बाई चावी घ्यायला आली होती. तिने मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काकू, ती झडप पावसाळ्यात उघडी ठेवायची का बंद?" मी तिला सांगितलं, उघडी. आणि खालची खिडकी चार बोटं सरकवून ठेव, नाहीतर काचांना घाम येतो. ओलीची वही मी तिलाच देऊन टाकली.

पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. हवेशीर आहे, कोरडा आहे, राख नाही. ह्यांचा खोकला इथे आल्यावर कमी झाला, हेही खरं. पहिल्याच दिवाळीत हे म्हणाले, "गॅलरीला काचा लावून घेऊ. तशीच बसायला जागा होईल तुझी." मी म्हटलं, "नको." ह्यांनी दोनदा विचारलं, मग विषय सोडला. मुलाने एकदा, नोकरी लागल्यानंतर, माझी माफी मागितली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला जवळ घेतलं. त्याला माफ करणं सोपं गेलं. तो बापाच्या शब्दात अडकला होता.

ह्यांचं काय करायचं ते मला कळलं नाही. हे दारू पीत नाहीत, कुणाला वाईट बोलत नाहीत, मला कधी टाकून बोलले नाहीत. नातेवाईक म्हणतात, नशीबवान आहेस. निवृत्तीनंतर दुपारचा चहा हेच करतात, आणि चांगला करतात. आम्ही समोरासमोर बसून तो पितो, भाजीचं बोलतो, नातवाच्या शाळेचं बोलतो. कधी कधी मी विचार करते, ह्यांनी त्या दिवाळीनंतर मला समोर बसवून सगळं सांगितलं असतं, खोकल्याचं, राखेचं, मुलाजवळ राहायचं, तर मी चार दिवस रडले असते आणि मग बहुधा तयार झाले असते. पण ते आता सिद्ध करायला काही मार्ग नाही, ह्यांनाही आणि मलाही.

फरक एवढाच पडला की मी ह्यांच्याकडे काही मागत नाही, आणि ह्यांनी आपणहून काही दिलं तर ते कशासाठी असेल याचा विचार आधी करते. मागच्या वर्षी ह्यांनी वाढदिवसाला साडी आणली. चांगली होती, माझ्या आवडीचा रंग. मी आठवडाभर घडी मोडली नाही. आणि अजूनही हे खोलीच्या दारात येऊन "अगं, ऐक जरा," असं म्हणाले की माझे हात होते तिथे थांबतात. बहुतेक वेळा काही नसतं. दूध नासलेलं असतं, नाहीतर गॅसचा नंबर लावायचा राहिलेला असतो.